आमच्या कौलाच्या पत्त्यांची छपाई

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारात वाढलेली बाई. पण चिटणीसबाईंनी सांगितले की, "पत्त्यांची हकीकत तुम्हीच सांगा, पैसा मंडळाचा गेला आहे, तर तो कसा गेला हे सगळ्यांना कळले पाहिजे." हे म्हणणे रास्त आहे. म्हणून जे घडले ते जसेच्या तसे सांगते. काही ठिकाणी माझी चूक आहे, तीही सांगणार आहे.

पत्ते म्हटले की पुरुषमंडळींचा रमीचा अड्डा डोळ्यांपुढे येतो. हे पत्ते तसले नव्हेत. २०२० साली टाळेबंदीत सगळे घरात अडकून पडले होते. थोरल्या मुलीचे शाळेतले रंग कपाटात तसेच पडले होते, ते घेऊन मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढू लागले. चित्रे कसली, तर घरातलीच. जाते, सूप, समई, उंबरठा, फणस, होडी, विहीर. प्रत्येक चित्राखाली एक ओळ मनाने लिहिली. फणसाखाली लिहिले, 'वरून काटे दिसले तरी कापून पाहा.' होडीखाली लिहिले, 'भरती येईल तेव्हा होडी उचलेल, तोवर दोर तपासून ठेव.' असे होता होता ४० पत्ते झाले.

आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळात कौल लावतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावायच्या, मनात प्रश्न धरायचा आणि कोणती कळी आधी पडते ते पाहायचे. सासूबाईंनी माझे पत्ते पाहिले आणि हसून म्हणाल्या, "गो, ह्यो तर तुझो घरचो कौल!" तेव्हापासून त्यांचे नाव कौलाचे पत्ते पडले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकेक पत्ता उचलीत, ओळ वाचीत आणि मग त्या ओळीवरून बोलणे निघे. एखादी घरातले मनात साठलेले बोलून टाकी. मला वाटते, पत्त्यापेक्षा त्या बोलण्याचीच आपल्याला गरज होती.

माझी भाची पुण्यास असते. तिने सांगितले की, अशा पत्त्यांना परदेशात मोठा इतिहास आहे. टॅरो म्हणून ७८ पत्त्यांचा संच असतो. तो पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी निघाला आणि शकुन पाहण्यासाठी त्याचा वापर पुढे अठराव्या शतकात होऊ लागला. लेनोर्मां नावाचा एक संच ३६ पत्त्यांचा असतो. आपल्या मनाने केलेल्या पत्त्यांना मात्र संख्येचे बंधन नाही. आणि परदेश कशाला, आपल्या सावंतवाडीची गंजिफा आहेच. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, हाताने रंगवलेले. तो खेळ आहे, कौल नव्हे. पण पत्ता हाताला कसा लागावा हे मी त्यावरूनच शिकले.

मंडळाच्या बैठकीत निघाले की, पंचविसाव्या वर्षानिमित्त हे पत्ते छापून घ्यावे, विकावे आणि नफा शिवणवर्गाला द्यावा. दिवाळीच्या फराळातून शिल्लक राहिलेले १५,००० रुपये यासाठी बाजूला काढले. एका वडीलधाऱ्या मावशींनी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "छापलेला कौल तो कसला कौल?" त्यावर आपल्या ग्रंथपालबाईंनी गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात मुंबईस गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तके आणि पंचांगे छापावयास घेतली, तेव्हा छापील पोथी लोक विटाळाची मानीत, कारण शाईत चरबी असते. म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. आज छापील पंचांग नाही असे घर सापडणे कठीण. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "बरे, छापा, पण तूप महाग आहे हो!"

आता छपाईचे. मला वाटले होते की चित्रे नेऊन द्यावी, पैसे द्यावे आणि पत्ते घेऊन यावे. तसे नाही. आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट ऑफसेटची. यात निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या चार प्लेटा कराव्या लागतात, मागच्या बाजूच्या निराळ्या. प्लेटांचा आणि यंत्र जुळवण्याचा खर्च एक संच काढा की हजार काढा, तेवढाच. पुरणपोळीसारखे आहे. एक पोळी करायची तरी डाळ शिजवा, पुरण वाटा, कणीक तिंबा. मग पन्नास केल्या तर दर पोळीमागे खटाटोप कमी पडतो. छापखान्याने ५०० संचांचे ६०,००० रुपये सांगितले, म्हणजे संचामागे १२० रुपये.

दुसरी वाट डिजिटलची. यात प्लेट नाही. संगणकावरून सरळ यंत्रात जाते, त्यामुळे दहा संचसुद्धा काढून मिळतात. पण दर उतरत नाही. ५० संचांचे १४,५०० रुपये, म्हणजे संचामागे २९० रुपये.

तिसरी वाट भाचीने सुचवली. परदेशात अशा कंपन्या आहेत की एकच संच छापून पेटीत घालून घरपोच पाठवतात. कागद सुरेख असतो. पण टपालखर्च धरून एक संच दोन हजारांच्या घरात जाई. ती वाट आम्ही तिथेच सोडली.

तुम्ही म्हणाल, १२० कुठे आणि २९० कुठे! मीही तेच म्हटले. मनाने मी ५०० संच ठरवूनही टाकले. १५,००० मंडळाचे आणि ४५,००० बचतगटाकडून कर्जाऊ, असा हिशेबही मांडला.

छापखाना कोणताही ठरला तरी आधीची तयारी एकच असते. त्यात आम्ही काय काय चुकलो ते सांगते, म्हणजे कुणाला पत्रिका, दिनदर्शिका किंवा आपली ही स्मरणिका छापायची झाली तर उपयोग होईल.

पहिली चूक चित्रे पाठवण्यात झाली. मी चित्रांचे मोबाईलवर फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवरून पाठवून दिले. नमुना आला तो अगदी धुकट. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "काकू, व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतो. छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात." मग चित्रे स्कॅन करून घेतली आणि पेनड्राइव्हवर नेऊन दिली.

दुसरी गोष्ट रंगाची. मोबाईलच्या पडद्यावर समुद्राचा निळा कसा झळझळतो! कागदावर तो मळकट उतरला. पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने, त्यामुळे पडद्यावरचे काही रंग शाईत उतरतच नाहीत. म्हणून पडद्यावर पाहून पसंती द्यायची नाही, कागदावरचा नमुना मागायचा. मी तो नमुना दिवसाउजेडी ओटीवर बसून पाहिला. रात्री ट्यूबलाइटखाली रंग फसवतात.

तिसरी गोष्ट कडेची. कापताना यंत्र केसभर इकडेतिकडे सरकते. म्हणून चित्र चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवावे लागते, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. आणि अक्षरे कडेपासून आत ठेवावी लागतात. साडीला फॉल लावताना आपण जशी दुमड सोडतो, तसेच हे. पत्त्याच्या पाठीवर मला चौकट घालून मध्ये कमळ हवे होते. पण चौकट असली की कापण्यातला फरक लगेच डोळ्यांत भरतो आणि कमळ उलटेसुलटे कळते, म्हणजे पाठीवरूनच पत्ता ओळखू येऊ लागतो. म्हणून पाठीवर कडेपर्यंत ठिपक्यांची रांगोळी घातली. ती कशीही फिरवली तरी सारखीच दिसते.

चौथी गोष्ट आकाराची. आम्ही आधी खेळायच्या पत्त्याएवढा, म्हणजे अडीच इंच बाय साडेतीन इंच असा नमुना काढला. १२ बाय १८ इंचांच्या एका कागदावर असे १८ पत्ते बसतात, म्हणून स्वस्त. सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नाकापाशी नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "माका काय दिसणा नाय. कौल माज्यासाठी की मुंगयेसाठी?" आपल्या मंडळात साठीपुढच्या किती जणी आहेत ते पाहिले आणि तीन इंच बाय पाच इंच आकार धरला. एका कागदावर असे १० बसतात. ४० पत्त्यांना बरोबर चार कागद, वाया काही जात नाही. तेव्हा पत्ते किती असावे हे शेवटी कागद ठरवतो, हे ध्यानात ठेवा. एक पत्ता वाढवाल तर अख्खा कागद वाढेल.

पाचवी गोष्ट कागदाची. कागदाची जाडी ग्रॅमने सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन. आम्ही ३०० ग्रॅमचा आर्ट कार्ड घेतला. वरून प्लास्टिकचे पातळ लॅमिनेशन. एका बाजूचे पैसे वाचवावे म्हणून पहिल्या नमुन्यात फक्त चित्राच्या बाजूला करून पाहिले. जुलै महिना होता. आपला कोकणातला पाऊस! तीन दिवसांत पत्ते उन्हातल्या पापडासारखे वाकले, कारण उघडी बाजू दमट हवा शोषते आणि दुसरी शोषत नाही. तेव्हा लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी हवे. चकचकीत घ्यावे की मंद, यासाठी दोन्हींचे नमुने आठ दिवस स्वयंपाकघरात ठेवले आणि त्यांना हळदीचे, तेलाचे बोट लावून पाहिले. चकचकीत चटकन पुसला जाई, पण घामट हाताला चिकटे आणि दिव्याखाली अक्षर चमके. मंद हाताला गोड लागे. गडद रंगावर ओरखडे मात्र उठत. शेवटी मंद घेतले आणि पाठीची रांगोळी फिक्या रंगाची केली.

सहावी गोष्ट मुद्रितांची. मजकूर छापखान्यात पुन्हा टाइप झाला होता. समईच्या पत्त्यावर 'धीर धर' असे होते, ते 'धीर घर' झाले! मी दोनदा वाचूनही मला दिसले नव्हते, कारण काय लिहिले आहे ते मला पाठच होते. म्हणून ज्यांनी मजकूर पाहिलेला नाही अशा दोघींना बसवले. एकीने अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने मूळ कागदाशी ताडून पाहायचे. सात चुका निघाल्या.

एवढे सगळे जमले. मार्च महिना आला. सोमवारी ५०० संचांची आगाऊ रक्कम भरायची ठरली. आणि त्या आधीच्या शनिवारी आमच्या शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या. पुढचे मी त्यांच्या परवानगीने सांगते. त्या आज इथे बसल्या आहेत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी माझा हाताने रंगवलेला पत्ता उचलला होता. विहिरीचा. त्यावर ओळ होती, 'पाणी गढूळ आहे, निवळेपर्यंत थांब.' त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या छातीत गाठ लागली होती आणि डॉक्टरांकडे जावे की जाऊ नये असा प्रश्न मनात धरून त्यांनी पत्ता काढला होता. 'थांब' आले, म्हणून त्या थांबल्या. सहा आठवडे. शेवटी मुलीच्या हाताला गाठ लागली, तेव्हा गोष्ट बाहेर पडली आणि तपासणी झाली. गाठ कर्करोगाची निघाली.

वहिनींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट त्याच म्हणाल्या, "मला भीती वाटत होती, आणि थांबायला कारण हवे होते. पत्त्याने ते दिले." पण भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सासू-सुनेचे भांडण होते, जावांचा अबोला होता. गाठ नव्हती. पण पत्ता उचलणारीच्या मनात काय आहे हे पत्त्याला कुठे कळते? आणि इथे निदान मी समोर होते, तरी मला कळले नाही. ५०० घरांत हे पत्ते गेले तर त्या घरांत कोण असणार?

रविवारी आपली तातडीची बैठक झाली ती अनेकींना आठवत असेल. कुणी म्हणाल्या, पत्तेच नकोत, जाळून टाका. आपल्या राज्यात २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्याचीही आठवण कुणी दिली. त्यावर शिक्षिकाबाई म्हणाल्या, "कायदा भोंदूगिरी करून लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी आहे, आपण कुणाला लुबाडत नाही. पण कायद्यात बसते म्हणून ते योग्यच आहे असेही नाही." मला ते पटले. मी म्हटले, पत्ते बंद करायचे तर माझी ना नाही.

तेव्हा वहिनीच उठल्या. म्हणाल्या, "बंद करू नका. ओळ बदला." आणि नवी ओळ त्यांनीच सांगितली, 'पाणी निवळेपर्यंत बोलू नकोस, पण अंगाचे दुखणे असेल तर आजच दाखव.' आज त्या पत्त्यावर हीच ओळ आहे.

मग आम्ही सगळ्या ओळी एकेक करून पुन्हा वाचल्या. हंड्याच्या पत्त्यावर मी 'लवकरच लाभ होईल' असे लिहिले होते. तो पत्ता काढूनच टाकला. जे देणे आपल्या हातात नाही त्याचा वायदा करू नये. त्याच्या जागी सूचनेचा पत्ता घातला, म्हणजे संख्या ४० ची ४०च राहिली आणि कागद वाढला नाही. त्यावर लिहिले आहे की, हे पत्ते बोलणे सुरू करण्यासाठी आहेत, निर्णय करण्यासाठी नाहीत. आजार, पैसा आणि कोर्टकचेरी यांचा प्रश्न पत्त्यांना विचारू नये, जाणत्या माणसाला विचारावा. हा पत्ता संचात सगळ्यांत वर ठेवला आहे, आणि त्याची अक्षरे सगळ्यांत मोठी आहेत.

आणि छपाईचा प्रश्न आपोआप सुटला. ५०० संच छापले असते तर ती विहिरीची ओळ ५०० घरांत गेली असती आणि परत आणता आली नसती. छापलेली चूक दहा वर्षे जगते. डिजिटलमध्ये ५० काढावे, वापरून पाहावे, चूक दिसली तर पुढच्या ५० मध्ये सुधारावी. संचामागे १७० रुपये जास्त पडले, हे खरे. पण कर्ज काढावे लागले नाही आणि चूक सुधारण्याची मोकळीक मिळाली. हिशेबाच्या वहीत ही मोकळीक जमेला धरता येत नाही; मी मनात धरते.

आणखी एक गोष्ट. भाचीने सांगितले की १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या टॅरोची चित्रे पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईने काढली. तो संच आजही जगभर विकला जातो; पण त्या बाईला कष्टाच्या मानाने मोबदला फार थोडा मिळाला, आणि १९५१ साली ती गरिबीतच वारली. हे ऐकून मी ठरवले की आपल्या पेटीवर रंग भरणाऱ्या दोघी मुलींची नावे घालायची, आणि विहिरीच्या पत्त्याची ओळ ज्यांनी दिली त्या वहिनींचेही. वहिनींनी नाव नको म्हटले, म्हणून तिथे 'एक शेजारीण' असे छापले आहे.

आता हिशेब. ५० संचांचा खर्च १४,५०० रुपये. एका संचाची किंमत ३५० रुपये. आजपर्यंत ४४ संच गेले, त्याचे १५,४०० रुपये आले. म्हणजे खर्च निघून ९०० रुपये वर आहेत, आणि सहा संच त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत. सहाही आज गेले तर शिवणवर्गाला एकूण ३,००० रुपये मिळतील. मोठी रक्कम नव्हे, पण कुणाचे देणे नाही.

ज्यांच्याकडे संच गेले आहेत त्यांना माझी विनंती आहे. एखादी ओळ टोचली, भलताच अर्थ निघतो असे वाटले, तर मला येऊन सांगा. वहीत मी तशा चार सूचना टिपून ठेवल्या आहेत. पुढची छपाई त्या सुधारूनच होईल.

वहिनींची शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार चालू आहेत आणि परवा त्यांनी स्वतः येऊन आपल्या स्मरणिकेची मुद्रिते तपासली. 'धीर घर' सारखी एक चूक त्यांनी याही वेळी पकडली. ती कोणती ते मी सांगत नाही, कारण ती माझ्याच लेखातली होती.